कुलुपातली राज्यघटना

"हात लावू नकोस बाई, काचेला डाग पडतात!" कारकून ओरेस्ते खुर्चीतूनच ओरडला.

फिलोमेनाने हात मागे घेतला. राजा गेला, प्रजासत्ताक आलं. आणि नवी राज्यघटना इटलीतल्या गावोगावच्या कचेरीत वर्षभर ठेवावी, वाटेल त्याने वाचावी, असं ठरलं. या गावात ती काचेच्या पेटीत होती. पेटीला कुलूप. दिसायचं ते फक्त पहिलं पान.

फिलोमेनाला हवं होतं शाळेचं कलम. गरिबाचं हुशार लेकरूही वरपर्यंत शिकेल असं त्यात लिहिलंय, हे तिने ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आलेल्या एका भटक्या पाद्र्याकडून ऐकलं होतं. अर्धं बोलून, अर्धं गाऊन सांगायचा तो. काय त्याचा गळा! सारं चर्च डोललं होतं. तेव्हापासून तिची लेक रोझारिया शहरातल्या शाळेची स्वप्नं बघत होती. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. अर्जावर नगराध्यक्षांची सही हवी. ते हसले होते. "ऑलिव्ह वेचणारीच्या पोरीला लॅटिन? कुठं लिहिलंय ते दाखव, लगेच सही करतो."

"कुलूप काढ," फिलोमेना म्हणाली.

"किल्ली साहेबांकडे."

"नगराध्यक्षसाहेब म्हणतात, आधी कलम दाखव."

"मग दाखव की."

"अरे, कुलूप काढ ना!"

"किल्ली साहेबांकडे."

"घाण्याचा बैलसुद्धा एवढा फिरत नाही रे मेल्या!" ती रडकुंडीला आली. मागे तिच्याबरोबर ऑलिव्ह वेचणाऱ्या, रानातून तशाच आलेल्या तिघी उभ्या होत्या. "दिसतंय तेवढं तरी वाच."

ओरेस्तेने जांभई देत वाचलं. देश श्रमावर उभा आहे. सत्ता लोकांची आहे.

"लोक म्हणजे कोण?"

"म्हणजे... तू, मी, सगळेच."

"नक्की?"

"छापलंय ना!"

फिलोमेनाने डोळे पुसले. "उचला गं पेटी."

त्या गावात संताच्या मिरवणुकीत मूर्तीला खांदा द्यायचे ते पुरुषच. चौघींनी पेटी खांद्यावर घेतली आणि नगराध्यक्षांच्या घराची चढण धरली. ओरेस्ते ओरडत मागे धावला. दारं उघडली. कुणी टोपी काढली, कुणी गुडघे टेकले, कुणी छातीवर क्रूस काढला.

ओट्यावरची डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी पाल्मा लगबगीने उठली. "आज कोणता संत निघाला गं?"

"संत नाही, आजी," फिलोमेना धापा टाकत म्हणाली, "आपणच निघालोय."