कोरडं शेड

नगराध्यक्ष भागवतरावांनी गावच्या स्मशानात पत्र्याचं शेड बांधून तीन महिने झाले होते. मंत्र्यांची तारीख मिळेना, म्हणून त्याला अजून कुलूपच होतं. भागवतरावांना खुर्ची मिळाली ती वडिलांच्या पुण्याईवर. बलभीमतात्यांनी जन्मभर, सोनारीची जत्रा अर्धी सोडूनसुद्धा, गावातल्या प्रत्येक मयताला खांदा दिला होता.

श्रावणाच्या झडीत म्हाताऱ्या सुंदराबाईचं सरण उघड्यावर तीनदा विझलं. तात्या चिंब भिजून घरी आले.

"भागवता, शेडाची किल्ली दे."

"तात्या, आठ दिवस दम धरा. फीत कापायची राहिलीय."

"मयताला दम धर म्हणू व्हय रं?"

तात्यांनी त्या दिवशी जे अंथरूण धरलं, ते पुन्हा सोडलं नाही.

त्यांची तिरडी स्मशानात आली तेव्हाही पाऊस होताच. भागवतरावांनी स्वतः कुलूप काढलं, फीत तोडली. पण खांदेकरी तिकडं वळलेच नाहीत. ते सरळ चिखलात उतरले.

"अरे माणिक, इकडं! शेड उघडलंय!"

सुंदराबाईचा लेक माणिक पुढच्या खांद्याला होता. तो थांबला.

"साहेब, तात्या आमाला बजावून गेलेत. 'सुंदराला जे मिळालं न्हाय, ते नगराध्यक्षाच्या बापाला नगं.'"

तात्यांचं सरण पेटता पेटता दुपार कलली. भागवतराव ओल्या लाकडांना पुन्हा पुन्हा काडी लावत राहिले. मागं शेड कोरडं उभं होतं.