जुन्या कॉम्प्युटरवरचे रविवार

केरिनने जुना कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलला आणि तरातरा बाहेर नेऊन रस्त्याकडेच्या गवतावर ठेवला. तिथे आधीच एक फाटका सोफा आणि गंजलेली बार्बेक्यूची शेगडी पडली होती. नगरपालिकेचा भंगाराचा ट्रक सोमवारी सकाळी यायचा होता.

मर्व्ह खिडकीतून बघत होता.

दर वर्षी भंगाराच्या आठवड्यात हेच व्हायचं. लेक केरिन ॲडलेडहून यायची, लोक चार-पाच वर्षांत कॉम्प्युटर बदलतात, तुम्ही चौदा वर्षं हा काय उराशी धरून बसलाय, असं म्हणत तो बाहेर ठेवायची. तिची गाडी कोपऱ्यावर वळली की मर्व्ह तो गुपचूप आत आणायचा. ग्लेनिसही नवऱ्याचीच बाजू घ्यायची. चालतोय ना, मग कशाला बदलायचा, म्हणायची. या वर्षी मात्र ग्लेनिसनेच लेकीला फोन करून नवा मागवला होता. वर कॅमेरा चांगला हवा, असंही सांगितलं होतं.

जिला समोरचा कप दिसत नाही तिला कॅमेरा काय करायचाय, असं मर्व्हच्या मनात आलं. पण त्याला घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. हा नवा कॉम्प्युटर ई-मेलने आलेलं पत्र स्वतःच मोठ्याने वाचून दाखवायचा. केरिनने कसलीशी जाहिरात उघडली, तर आतली बाई ती घडाघडा वाचायला लागली.

"आता ब्रोडीची पत्रं आईला थेट ऐकता येतील," केरिन खुशीत म्हणाली. "सुटलास तू, बाबा."

सुटला कसला डोंबलाचा! ब्रोडीची पत्रं येतच नव्हती.

ब्रोडी घर सोडून गेला त्याला तेरा वर्षं झाली. वायाला शहरातल्या पोलाद कारखान्यात मर्व्हचा जन्म गेला, आणि पोराला तिथे पाऊल टाकायचं नव्हतं. शब्दाने शब्द वाढला. चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं मर्व्ह बोलून बसला. पोरगाही बापाच्याच वळणावर गेलेला, त्याने खरंच दाखवलं नाही. एकदाच त्याचा ई-मेल आला. मला शोधू नका, एवढाच. ग्लेनिसची नजर तेव्हाच अधू होत चालली होती. तिने वाचून दाखव म्हटलं, आणि मर्व्हची जीभ काही रेटेना. त्याने भलतंच वाचलं. मी ठीक आहे आई, पोर्ट लिंकनला मासेमारीच्या बोटीवर काम मिळालंय.

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की मर्व्ह त्या कॉम्प्युटरपुढे बसून नसलेलं पत्र वाचायचा. ब्रोडीला त्याने बोट दिली, कुत्रा दिला, दुखरा गुडघासुद्धा दिला. अलीकडे पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास यायला लागलं होतं. बाबांना सांग, माझा राग केव्हाच गेला. ते मर्व्ह दोनदा वाचायचा. ग्लेनिस विणकाम थांबवून ऐकायची. बुधवारी शेजारच्या इल्माकडे चहाला गेली की तिथे म्हणे ती सगळं पत्र पाठ म्हणून दाखवायची.

केरिनची गाडी वळली तसा मर्व्ह बाहेर धावला. सोफा होता, शेगडी होती, कॉम्प्युटर गेला होता. गवतावर ठेवलेली वस्तू नेईल त्याची, हा इथला रिवाज. मर्व्हने स्वतः असे दोन पंखे घरी आणले होते. तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

रविवारी त्याला घास गिळवेना. ग्लेनिसने मात्र मटण चवीने खाल्लं आणि ती नव्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसली. एरवी ती कोचावर बसायची. आज तिने लिपस्टिकही लावली होती.

"लाव ना," ती म्हणाली. "बघू काय लिहितोय."

"नेट गेलंय बहुतेक."

"केरिनने सकाळीच फोनवर सगळं तपासून घेतलंय."

"मग उद्या वाचू. आज डोकं दुखतंय माझं."

"इतक्या वर्षांत तुझा एक रविवार चुकला नाही, मर्व्ह. आजच काय झालं?"

कळ दाबावी, तर आतली बाई सांगणार की पत्र नाही. न दाबावी, तर किती रविवार टाळणार? या पत्रांवर तर जगतेय ही. एकदा रागाच्या भरात पोराला घालवलं, आता हिच्या मनातूनही घालवायची पाळी आली होती. तो तिच्याशेजारी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला.

"ग्लेनिस, ती पत्रं..."

"आधी कॉलर नीट कर," ती म्हणाली.

"काय?"

तेवढ्यात कॉम्प्युटर वाजायला लागला. वाचणारी बाई नव्हती ही. फोनसारखी घंटी होती.

"हिरवं बटण असेल बघ. ते दाब," ग्लेनिस म्हणाली.

मर्व्हने दाबलं. पडद्यावर एक टक्कल पडायला लागलेला माणूस आला. हनुवटी थेट मर्व्हची होती. त्याच्या मांडीवर एक कुत्रा बसला होता.

"बोटीवर मी कधीच नव्हतो, बाबा, मला पाण्याची भीती वाटते," तो माणूस म्हणाला. "कुत्रा तू दिलास म्हणून आणला. पण आई दर बुधवारी इल्माच्या फोनवरून तुझं पत्र मला सांगते ना, त्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे."