मागचं इंजिन

वेस्ट व्हर्जिनियातल्या घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हर एम्ब्रीने सवयीने दोन शिट्ट्या दिल्या, मागच्या इंजिनाला 'ढकल' म्हणून सांगणाऱ्या. खरं तर कोळशाची मालगाडी आज निम्मीच भरली होती. म्हणून मागून ढकलायला इंजिन नव्हतं. एरवी ते मागचं इंजिन त्याचा धाकटा भाऊ क्लाइड चालवायचा. गेल्या महिन्यात बॉयलर फुटून तो गेला.

मागून दोन शिट्ट्या आल्या.

"डोंगर तुझी नक्कल करतोय, दादा," भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन टकेट हसला.

चढ लागला आणि गाडी हलकी झाली. एम्ब्रीने वाफ कमी केली, तरी वेग वाढतच गेला.

माथ्यावर टकेट आता हसत नव्हता. "दादा, मागचं इंजिन सोडायची शिट्टी दे. जाऊ दे त्याला परत."

एम्ब्रीने शिट्टीची दोरी धरली, आणि न ओढताच सोडून दिली.

उतार लागला, तरी मागून ढकलणं थांबलं नाही.