गिरणीतला माईक

तोंडापुढे काडी आलेला तो स्वस्तातला हेडफोन शालनने मोठ्या हौसेने डोक्यावर चढवला. पिठाच्या गिरणीत व्हिडिओ काढायचा तर असाच माईक हवा, असं दुकानदार म्हणाला होता. तोंडातलं तेवढं घेतो, बाकी गोंगाट सोडून देतो.

भाजणीचं दळण सुरू झालं. शेजारून सासूबाई चक्कीच्या वरताण ओरडत होत्या, "धणे कमी भाजलेस! पदर खोच! जरा हस की!" शालन सवयीने ओठांतल्या ओठांत उत्तरली. त्या घरघरीच्या आडोशाने अठरा वर्षं ती असंच बोलत आली होती, म्हणून तर घरात कधी भांडण झालं नव्हतं. चक्कीच्या आवाजात ऐकू काही आलं नाही, पण चित्र बरं दिसलं, तसा तिने व्हिडिओ भिशीच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी गिरणी बंद झाली आणि सासूबाईंनी तो व्हिडिओ लावून मोबाइल कानाशी धरला. चक्की ऐकूच येईना. सासूबाईंचा स्वतःचा आवाजही नाही. होती फक्त शालन, खणखणीत: "स्वतःला चष्म्याशिवाय धणे-जिरे ओळखू येईनात, नि निघाल्या मला शिकवायला!"

सासूबाईंनी तो तुकडा पुन्हा ऐकला.

"तुझे ओठ हलायचे गं. मला वाटायचं, सून जप करते."

"आत्या, चुकलं माझं..."

"गप. तो माईक इकडे दे, नि गिरणी चालू कर." अंबाड्यावरून पट्टी नीट बसवत त्या म्हणाल्या, "आता माझं पुटपुटणं ऐक. अठरा वर्षं मी तरी काय नुसतं पीठच चाळत होते?"