तीन ठोके

पान्हा जबड्यावर बसला आणि पैलवान दाराशीच आडवा झाला. दगड फोडायचं यंत्र चालवणारा एवढा आडदांड गडी, पण वहिनीनं हात आखडता घेतला नाही. तो कोपरावर रेलून उठायला लागला तसा तिनं दुसरा घाव खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या माणसांपर्यंत गेला.

"दाराला हात लावेल त्याचं डोकं फोडीन," ती म्हणाली. "मग तो कुणीही असो."

वस्तीतली सगळी मोठी माणसं त्या अरुंद बोळात दाटली होती. पृथ्वी सोडून ती या बिनहवेच्या ग्रहावर राहायला आली, त्याला बरीच वर्षं लोटली होती. बंदिस्त खोल्या, त्यांना जोडणारे बोळ आणि टोकाला काचेच्या छताचं भाजीघर, एवढंच त्यांचं जग. आज जेवणं चालू असताना आकाशातून एक धोंडा आला आणि भाजीघराचं छत फोडून गेला. तिथली हवा क्षणात निघून गेली आणि हे लोखंडी दार आपोआप बंद झालं. पलीकडे एकच माणूस अडकला, नळ जोडणारा फिटर. पाठीला हवेची टाकी होती म्हणून तो अजून जिवंत होता आणि दारावर हातोडी आपटत होता.

ठक ठक ठक. थोडी उसंत. पुन्हा ठक ठक ठक.

तो वहिनीचा नवरा होता.

दार उघडलं तर काय होईल हे साऱ्यांना ठाऊक होतं. एकदा उघडलं की वाऱ्याच्या रेट्यापुढे ते कुणाच्या बापाला लावता आलं नसतं. वस्तीतली हवा त्या वाटेनं गेली असती आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोरांची शाळा भरली होती. पण माणूस हाकेच्या अंतरावर मरत असला की ठाऊक असलेलं डोक्यात राहत नाही. "पटकन उघडू, ओढून घेऊ," असं पैलवान म्हणाला आणि दोघंतिघं पुढे सरसावले. वहिनी स्वतः फिटर. नवऱ्याच्या जोडीनं तिनंच हे दार बसवलं होतं. ती पान्हा घेऊन आडवी उभी राहिली.

गर्दी कापत तिची नणंद आली. ती वस्तीची स्वयंपाकीण. डोकं चटकन पेटायचं म्हणून भावानंच तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली होती आणि मग सगळ्यांनीच तेच नाव धरलं. तिच्या हातात भाजी चिरायची सुरी होती.

"दादा आहे आत. सरक."

"ठाऊक आहे मला."

ठिणगीनं हात उगारला. सुरी वहिनीच्या दंडात मुठीपर्यंत गेली. पान्हा गळून पडला. दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. ठिणगीनं तिच्या गालाचा चावा घेतला, केसांचा झुपका उपटला. वहिनीनं तिचं मनगट पिरगाळलं आणि कट् आवाज झाला तरी सोडलं नाही. मग तिला पालथी पाडून पाठीवर गुडघा रोवला आणि तोंड जमिनीत दाबून धरलं. बाकीचे पाहत राहिले. पुढे यायची कुणाची छाती झाली नाही.

ठोके मंदावत गेले. तरी दर वेळी तीनच. वहिनीला कान झाकून घ्यावेसे वाटले, पण हात मोकळे नव्हते. मग ते थांबले.

दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी दोघींना शेजारशेजारच्या पलंगांवर ठेवलं. दुसरी खोलीच नव्हती. ठिणगीनं अन्नाला तोंड लावलं नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता.

"हात बरा होऊ दे वहिनी. मग मी ते दार उघडणार आहे. तू झोपलीस की. सगळेच जाऊ दादाकडे."

ती बोलेल ते करेल, हे वहिनी ओळखून होती. ती दुखरा दंड सावरत ठिणगीकडे वळली.

"तो ठोकत होता ते काय होतं, माहीत आहे तुला?" तिनं विचारलं. "नळांच्या खोलीत यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही दोघं ठोक्यांनी बोलायचो. बाकी कुणाला ते येत नाही."

ठिणगीनं मान वळवली.

"तो उघड म्हणत नव्हता गं. बंद ठेव, बंद ठेव, एवढंच सांगत होता. शेवटपर्यंत. मी त्याचंच ऐकलं."

"दादाच तो," ठिणगी म्हणाली. "दुसरं काय सांगणार." मग ती पलंगावरून उतरली, जखमी हात सांभाळत वहिनीच्या कुशीत शिरली आणि लहान पोरीसारखी रडली.

वस्तीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. जबड्याला पट्टी बांधलेला पैलवान येऊन वहिनीच्या पायाशी मुकाट बसून गेला. पोरांना शाळेत फिटरकाकांची गोष्ट सांगितली गेली. ठिणगी जेवायला लागली. एक दिवस ती म्हणाली, "स्वयंपाकघर दुसरं कुणी बघेल. दादाच्या जागी मी येते तुझ्याबरोबर. मला ते ठोके शिकव."

वहिनीनं बोट वाकवून पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोन ठोके दिले. "हे उघड," ती म्हणाली.

मग तीन दिले. "हे बंद ठेव."

ठिणगीनं डाव्या हातानं तसेच ठोके देऊन पाहिले. बरोबर जमले. उभ्या संसारात नवराबायकोनं जे ठोके वापरले होते त्यांच्या हे नेमकं उलटं होतं, आणि ते जाणणारी त्या ग्रहावर आता वहिनी एकटीच उरली होती.