नाव बदललेलं आहे

आगरच्या किनाऱ्यावर रिक्षातून उतरल्यापासून मुक्ताची नजर विपुलच्या मोबाईलवर होती. विद्यापीठातल्या मानववंशशास्त्र विभागातला तिचा हा सहकारी एरवी एसी सोडून गावाकडे फिरकायचा नाही. आज मात्र "तुला मदत करतो" म्हणत वाळू तुडवायला आला होता. एकाएकी एवढी माया कुठून उतू चालली?

कुठून, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या शोधनिबंधात एक मच्छीमार बाई म्हणाली होती, "सुनावनी झाली म्हनतात, पन आमाला कोनी इचारलाच नाय." निबंधात बाईचं नाव वसुमती, अर्थात बदललेलं. ज्या कंपनीच्या प्रकल्पाची ती सुनावणी, तिच्याच देणगीतून विभागाची नवी इमारत उभी राहत होती.

"ही वसुमती कोण, तेवढं सांगा," विभागप्रमुख तोंडात साखर घोळवत म्हणाले होते. "तुम्हाला कायम करायचा विषय समितीपुढे आहेच."

मुक्ताने सांगितलं नव्हतं. बाईचा मुलगा जतीन त्याच कंपनीत कंत्राटावर होता. नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो घरी बसला असता. त्यानंतरच विपुलला मदतीचा पुळका आला होता.

म्हणून तिने विपुलला भलत्याच चार घरांत फिरवलं, इकडचं तिकडचं विचारलं आणि परतीची वाट धरली. तेवढ्यात बांबूवर बोंबील टांगणाऱ्या शांतीने, निबंधातल्या त्या बाईनेच, हाक मारली.

"काय गो मुक्ता, आज तशीच चालली? च्या तरी पिऊन जा!"

"नको वसुमती मावशी, पुढच्या वेळी..."

शब्द निसटून गेला. दोन वर्षं लिहिताना, तपासताना, परिषदांत वाचताना तेच नाव जिभेवर बसलं होतं.

विपुल थांबला. हसला. "मावशी, एक फोटो काढू?"

"नको," मुक्ता मध्ये आली. "त्यांना नाही आवडत."

"कोनी सांगितला?" शांतीने तिला हाताने बाजूला सारलं. हात पदराला पुसले, अंबाड्यातलं फूल नीट केलं आणि ताठ उभी राहिली. "आनि वसुमती कोन गो? दोन वर्सं येतेस, माजा नावच इसरली?"

मग विपुलकडे वळून ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "शांती रामू तांडेल. बराबर लिव हां."