जळत नाही

पहिली काठी कारखान्याच्या मालकांच्या, अंगदरावांच्या पाठीत बसली आणि ते ड्रमच्या खोलीत धडपडत शिरले. मागोमाग देवला शिरला, त्याच्यामागे तांड्यावरचे पाच-सहा गडी. रागिणी आत ड्रमांची बुचं तपासत होती. ती भिंतीला चिकटली. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. दुसरी काठी चुकवायला अंगदरावांनी हात वर केला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला.

"माझा भाऊ काहून मेला ते सांग," देवला म्हणाला.

"अटॅक आला त्याला." अंगदरावांनी लोंबता हात पोटाशी धरला. "मी काय करू त्याला? नशीब त्याचं."

कुरुंद्याच्या शिवारातल्या या कारखान्यात हळदीची भुकटी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे अर्क ओढून घेणाऱ्या रसायनात, भिजवून तिचा अर्क काढत. टाकीच्या तळाला राहिलेला चोथा खरवडायला आत माणूस उतरवत. आदल्या दिवशी देवलाचा धाकटा भाऊ प्रेमदास खोरं घेऊन उतरला. थोडा वेळ खरवडल्याचा आवाज आला, मग थांबला. वर काढला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाचा धोका ठरवणं हे रागिणीचं काम. त्याचे दोन भाग. ते रसायन स्वतः काय करतं, म्हणजे पेटतं का, फुटतं का, हा एक. माणसाच्या अंगात शिरून काय करतं, हा दुसरा. या सॉल्व्हंटचा पहिला भाग निर्धास्त होता. काडी लावली तरी ते पेट घेत नाही. दुसरा भाग भयंकर होता. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहणारी. आधी गुंगी येते, मग गुडघे सुटतात, मग श्वास. तिने दोन्ही सांगितलं होतं. टाकीत आधी पंख्याने हवा मारा, उतरणाऱ्याच्या तोंडाला नळीने बाहेरची हवा द्या, म्हणून ती पुन्हा पुन्हा भांडली होती. अंगदरावांनी त्यातलं अर्धंच उचललं आणि भिंतीवर रंगवून घेतलं: 'हे जळत नाही. सुरक्षित आहे.' काल ती नमुने घेऊन हिंगोलीला गेली, तो दिवस साधून त्यांनी प्रेमदासला उतरवलं.

देवलाने सॉल्व्हंटच्या एका ड्रमचं बूच काढलं आणि ड्रम आडवा केला. गोडसर, डोक्यात जाणारा वास खोलीभर पसरला. बादली भरून त्याने ती अंगदरावांच्या डोक्यावर ओतली. डोळ्यांत गेलं तसे ते किंचाळले.

"आता तू बी मर," देवला म्हणाला आणि खिशातून काड्यापेटी काढली.

हे पेटणार नाही, हे रागिणीला ठाऊक होतं. अंगदराव मात्र मरणाच्या भीतीने आपण स्वतः भिंतीवर लिहून घेतलेलंही विसरले. ते देवलाच्या पायावर पडले, लेकरांची आण घालू लागले. देवलाने काडी ओढून त्यांच्या सदऱ्यावर टाकली. काडी फस् करून विझली. दुसरी टाकली. तीही विझली. तिसरी तर हवेतच विझली.

गडी मागे सरकले. एकाने हात जोडले. "नागनाथानं राखला त्याला," तो पुटपुटला.

अंगदरावांना आता हसू फुटलं. ओलेचिंब, एक डोळा मिटलेला, तसे ते हसत उठले. "बघितलं? म्हणलो न्हवतो म्या? ह्याच्यात काही न्हाई. पाणी हाय नुस्तं."

देवलाच्या हातातली काठी गळाली. तो मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला.

रागिणी पुढे झाली. तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "खाली बसू नका, देवलाभाऊ. बाहेर चला. सगळे बाहेर चला." तिचा आवाज इतका शांत होता की गडी मुकाट निघाले. त्या वाफेने एकाचे पाय आधीच लटपटत होते. शेवटी अंगदराव निघाले. उंबऱ्यावर तिने त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकललं.

"तुम्ही थांबा, मालक. पाणीच आहे ना?"

तिने शटर खाली ओढलं आणि त्याची कडी दोन्ही हातांनी धरून खाली वाकून उभी राहिली.

आतून थापा पडू लागल्या. "मॅडम, हात मोडलाय माझा. उघडा." मग खोकला. मग शिव्या. मग आवाज बदलला, घोगरा झाला. "उघडा. मरंन मी. ह्या वासानं माणूस मरतंय. प्रेमदास ह्यानंच मेला, मला ठाऊक होतं. उघडा वं."

अंगणातल्या प्रत्येकाने ते ऐकलं. देवलाने डोळे पुसले.

"बोलला त्यो, मॅडम," तो म्हणाला. "समद्यायनं ऐकलं. आता पोलिसापुढं आमी सांगू. उघडा."

रागिणीने ऐकलं. आतल्या थापा मंदावत होत्या. आता गुडघे सुटतील, तिने मनाशी म्हटलं.

"मॅडम, मरून राहिला त्यो. सोडा."

शटर वर करण्याआधी देवलाला तिची बोटं एकेक करून कडीवरून सोडवावी लागली.